यवतमाळ ते लोणार : कामाविना निघण्याची तयारी

(यवतमाळला झालेल्या महिला गटांच्या तयारी-बैठकीतल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

आज आपण एकाच गोष्टीवर बोलायला जमलो आहोत. येत्या फेब्रुवारीत आपल्या गटांतल्या बायांनी यवतमाळहून सायकलनं निघायचं आणि दारव्हा, दिग्रस, पुसद, वाशिम, रिसोड करत बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या तळ्याला पोचायचं, असा प्रस्ताव मागच्या बैठकीत आला. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. रोज चाळीसच्या आसपास धरलं तर सहा दिवस. प्रस्ताव मांडून होतो न होतो तोच मागून आवाज आला, "तळं पाहाले कायले जातं माय? आपल्या गावात तळं नाही काय?" सगळ्या हसल्या. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रस्ता, ऊन, पंक्चर हे सगळं नंतर. आधी या "कायले"चं उत्तर आपल्याकडे असायला हवं, कारण तोच प्रश्न आपल्याला घरोघरी विचारला जाणार आहे.

बाई घराबाहेर पडते ती कशासाठी, याची यादी आपण शिबिरात किती वेळा केली आहे. दवाखाना, बाजार, रेशन, बँक, माहेर, मयत, मजुरी. गेल्या काही वर्षांत त्यात बचत गटाची बैठक आणि मोर्चा यांची भर पडली. या यादीतलं प्रत्येक बाहेर पडणं कोणाच्या तरी उपयोगाचं आहे. काम झालं की परत. "झालं ना काम, मग इतका वेळ कुठं होतीस?" हा प्रश्न दारातच उभा असतो. पुरुष चौकात, पानठेल्यावर, पारावर तासन् तास बसतो. त्याला कोणी काम विचारत नाही. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ साली 'व्हाय लॉयटर' नावाचं पुस्तक लिहिलं. शहरात बाईला काहीही कारण नसताना रेंगाळण्याचा हक्क हवा, असं त्यांचं म्हणणं. वाचताना मला वाटलं, हे मुंबईपेक्षा आपल्या दिग्रस-आर्णीला जास्त लागू आहे.

आता कोणी म्हणेल, बाया लांब जातच नाहीत असं कुठं आहे? जातात की. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला बंजारा समाजातल्या बाया दूरदूरच्या तांड्यांवरून येतात. चैत्राचं ऊन असतं, डोक्यावर गाठोडं, काखेत लेकरू. त्यांना कोणी म्हणत नाही की ऊन लागेल, बाईमाणसाला झेपणार नाही. देवाच्या कामाला ऊन आडवं येत नाही, कापूस वेचायलाही येत नाही. ते आडवं येतं फक्त बाई आपल्या मनानं निघाली तर. म्हणून या फेरीला आपण कुठलाही फलक लावायचा नाही, असं मी सुचवते. दारूबंदीचा नाही, हुंड्याचा नाही, पाण्याचाही नाही. ते प्रश्न आपले आहेतच आणि त्यांवर आपण रस्त्यावर उतरतोच. पण प्रत्येक वेळी घराबाहेर पडायला एखादं दुःख सोबत घ्यावं लागणं हेही बंधनच आहे.

आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. यवतमाळची बाई वर्तमानपत्रात दिसते ती बहुधा नवऱ्याची तसबीर हातात धरून. जानेवारी २०१९ मध्ये इथं ९२वं मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागं घेतलं गेलं आणि उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. त्या व्यासपीठावरून बोलल्या, ठणकावून बोलल्या. त्याचा अभिमान आहेच. पण तिथंही त्यांची ओळख 'शेतकरी विधवा' हीच होती. आपल्या एकल मैत्रिणी या फेरीत असणार आहेत. त्यांची छायाचित्रं निघतील तेव्हा हातात तसबीर नसेल, सायकलचं हँडल असेल. एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं.

सायकल आणि बाई यांचं नातं काही नवं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेनं सायकल शिकवणं हा आपल्या कामाचाच भाग केला. शीला राणी चुंकत तेव्हा तिथं जिल्हाधिकारी होत्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, परिचारिका, अंगणवाडीच्या बाया अशा एक लाखाहून जास्त बाया सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. बिहारनं २००६ साली नववीतल्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगा-मुलगी यांतली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, असं त्यांना आढळलं. आपल्या शेजारच्या वरोऱ्याहून बाबा आमट्यांनी १९८५ मध्ये 'भारत जोडो' हाती घेतलं, तेव्हा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेल्यांत मुलीही होत्या. मुलांच्या मानानं फार थोड्या, पण होत्या. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ साली, विशीच्या आसपासच्या वयात, सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्या मानानं लोणार म्हणजे अंगणच.

पण वेदांगीची सायकल आणि आपली सायकल यांत फरक आहे, आणि तिथूनच तयारी सुरू होते.

आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. चांगली योजना आहे. पण मी गावागावांत पाहते ते असं: मुलगी शाळेतून आली की सायकल भावाची होते. तो सीट वर करतो, कॅरिअर काढून टाकतो. मुलीचं लग्न झालं की सायकल माहेरीच राहते. नाहीतर ट्यूब फुटते, आणि मुलीच्या सायकलच्या ट्यूबसाठी घरात पैसे निघत नाहीत. म्हणून पहिलं काम म्हणजे आपापल्या गावातल्या अशा पडलेल्या सायकली शोधणं. विकत घ्यायच्या नाहीत, शोधायच्या. त्या कोणाच्या नावावर मिळाल्या होत्या हे वहीत लिहायचं. त्या मुलीला विचारूनच सायकल घ्यायची, तिच्या भावाला विचारून नाही. आणि ती अठरा वर्षांवरची असेल तर आधी तिलाच विचारायचं, तू येतेस का?

दुसरं काम सीटचं. मागच्या सरावात एक मैत्रीण म्हणाली, "मले चालवता येते, पण उतरता येत नाही." ही भीती पुष्कळजणींना आहे. उतरता यावं म्हणून सीट इतकी खाली ठेवतात की गुडघे पोटाशी येतात, आणि दहा किलोमीटरमध्ये गुडघे दुखायला लागतात. पायडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट बोटभर बोटभर वर न्यायची, रोज थोडी. साडी नेसूनच चालवणार असाल तर बिनदांडीची लेडीज सायकल आणि चेनकव्हर हवंच. पंजाबी ड्रेस, ट्रॅकपँट, ज्याला जे सोयीचं ते. कोणी काय घालावं यावर आपण बैठकीत ठराव करणार नाही.

तिसरं, पंक्चर. प्रत्येक गटातल्या किमान दोघींना पंक्चर काढता आलं पाहिजे, चेन बसवता आली पाहिजे, ब्रेक आवळता आला पाहिजे. पाना, सोल्युशन, रबराचे तुकडे, हवा भरायचा पंप आणि जादा ट्यूब सोबत हव्यात. गावातल्या सायकल दुकानदारांकडून शिकून घ्या, पण रस्त्यावर काम आपण करायचं. सामानाची एक गाडी मागं राहील. तिच्यात पाणी, औषधं आणि जिला थांबावंसं वाटेल तिच्यासाठी जागा.

आता तारीख. हा मुद्दा सोपा वाटतो, पण सगळ्यात जास्त वाद यावरच झाला. बाहेरचं कोणी आलं तर म्हणेल, डिसेंबर उत्तम, थंडी असते. पण दिवाळीपासून जानेवारीपर्यंत आपले हात कापसात असतात. वेचणी किलोवर असते. एक दिवस गेला की तेवढी मजुरी गेली, आणि वर्षातले हातात रोख येण्याचे दिवस तेच. बायांना सवड मिळते ती एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात असतो. तेव्हा आपला मुलूख पाहा. वाळू नसली म्हणून काय झालं? काळी जमीन भेगाळलेली, ओढे कोरडे, सागाला पान नाही, मैलोगणती सावलीचा पत्ता नाही. वाळवंटाला याहून वेगळं काय लागतं? म्हणजे जेव्हा रस्ता बरा असतो तेव्हा बाई मोकळी नसते, आणि बाई मोकळी होते तेव्हा रस्त्याचं वाळवंट झालेलं असतं. वर्षाचं हे गणित बाईला विचारून मांडलेलं नाही. शेवटची वेचणी संपते आणि हरभरा-गहू काढणीला यायचा असतो, त्या मधल्या फटीत आपण शिरायचं. म्हणून फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. तरीही ज्यांची मजुरी बुडेल त्यांच्यासाठी गटांनी निधी काढावा, असा माझा प्रस्ताव आहे. नाहीतर फेरीत फक्त पगारदार आणि बिनशेतीच्या बाया उरतील, आणि मग ती आपली फेरी राहणार नाही.

फेब्रुवारीत दुपारी चटका लागतोच. सकाळी फटफटताना निघायचं आणि अकराच्या आत मुक्काम गाठायचा. ताशी दहा-बारा किलोमीटरनं चार तास पुरतात. पुसद डोंगरांच्या वाटीत वसलं आहे, तिथून वाशिमकडे निघताना चढ लागतो. त्या दिवशी अंतरही जास्त आहे. चढावर उतरून सायकल हातात धरून चाला. त्यात कमीपणा नाही.

पाण्याबद्दल मात्र सक्ती राहील. सायकल चालवताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी पोटात जायला हवं. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं हे अंगणवाडीताईंना पाठ आहे, बाकीच्यांनीही पाठ करा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पण खरा प्रश्न पाण्याचा नाही, पाणी पिण्याचा आहे. प्रवासात बाई पाणी पीत नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठं? आपण सगळ्या हे करतो. एसटीत बसायच्या आधी दोन तास घोटभरही घेत नाही. मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि आपण म्हणतो ऊन लागलं. म्हणून रस्त्याचा नकाशा तयार करताना आपण किलोमीटरचे दगड मोजायचे नाहीत, संडास मोजायचे. दर दहा-बारा किलोमीटरवर एक जागा: शाळा, ग्रामपंचायत, पेट्रोल पंप किंवा एखाद्या मैत्रिणीचं घर. तिथं दाराला कडी आहे का, पाणी आहे का, पाळीच्या कापडाची किंवा पॅडची सोय आहे का, हे आधी कोणीतरी जाऊन पाहायचं. ही यादी पक्की झाल्याशिवाय तारीख जाहीर करायची नाही. पुढं हीच यादी त्या त्या ग्रामपंचायतीला नेऊन देऊ. फलक नसला तरी काम होतंच की.

निघण्याआधी सगळ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांना रक्तक्षय आढळला. म्हणजे या खोलीतल्या निम्म्याहून जास्तजणी. बारा ग्रॅमच्या खाली आलं तर घाबरायचं नाही. आजपासून फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. गोळ्या घ्या, पालेभाजी आणि गूळ-शेंगदाणे खा, आणि घरात सगळ्यांच्या आधी नाही तर निदान सगळ्यांसोबत जेवा.

मुक्कामाबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलते. मागच्या बैठकीत दबक्या आवाजात विचारलं गेलं की अमुक गावात आपण कोणाकडे जेवणार. हे दबक्या आवाजात नको. आपल्या गटांत कुणबी बाया आहेत, बौद्ध आहेत, बंजारा आहेत, मुस्लिम आहेत, कोलाम पोडावरच्या आहेत, पारधी बेड्यावरच्या आहेत. सहा दिवसांत पाच रात्री पडतात. त्यांतली एक बुद्धविहारात, एक तांड्यावर, एक शाळेत, बाकीच्या ज्या वस्तीत आपल्याला बोलावतील तिथं. स्वयंपाक तिथल्या बायांसोबत मिळून करायचा आणि एकाच पंगतीत बसायचं. जिला हे चालणार नाही तिनं आत्ताच सांगावं. रस्त्यात सांगू नये. वाळवंट पार करणं एकवेळ सोपं आहे, ताटांमधलं अंतर पार करणं कठीण आहे, आणि ते पार न करता लोणारला पोचलो तर कुठंच पोचलो नाही.

आता परवानगी. पोलीस ठाण्यांना आपण पत्र देणार आहोत. त्यात 'परवानगी मिळावी' असं लिहायचं नाही, 'आपणांस कळवीत आहोत' असं लिहायचं. सार्वजनिक रस्त्यावरून सायकलनं जायला कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही. सोबत लागली तर त्यांचं कर्तव्य म्हणून मागू. हाच फरक घरातही करून पाहा. "जाऊ का?" आणि "मी अमुक तारखेला जाणार आहे, आपण स्वयंपाकाचं काय करायचं ते ठरवू," या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते बोलून बघा. पण मी हेही जाणते की काही घरांत दुसरं वाक्य उच्चारलं तर मार पडतो. त्या मैत्रिणींना आपण शूर व्हा असं सांगणार नाही. त्यांच्या घरी चौघी-पाचजणी मिळून जाऊ, सासूशी बोलू, नवऱ्याशी बोलू. तरीही जमलं नाही तर तिनं सरावाला यावं, एका दिवसासाठी यावं, वाटेतल्या थांब्यावर पाणी घेऊन उभं राहावं. कोणती बाई किती किलोमीटर आली यावरून तिची हिंमत मोजायची नाही.

काहीजणी विचारतात, एसटीत २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, बसनं का जाऊ नये? अर्ध्या तिकिटानं बाया जास्त फिरू लागल्या हे खरं आहे, ती सवलत टिकलीच पाहिजे. पण बस तिच्या वेळेनं येते, आणि पुष्कळ गावांत येतच नाही. आपली शकुंतला गाडीही बंद पडली. वाशिम, बुलढाण्यातून समृद्धी महामार्ग गेला. त्यावर सायकलला, दुचाकीला मज्जाव. मोठे रस्ते आपल्या शेजारून जातात, आपल्यासाठी थांबत नाहीत. सायकल आपल्या वेळेनं निघते आणि आपल्याला वाटलं तिथं थांबते.

रांगेचा नियम एकच. सगळ्यात हळू चालवणारी बाई सगळ्यात पुढं. तिच्यामागं बाकीच्या. वेग ती ठरवेल. तरुण मुलींना हे जड जाईल, त्यांच्या पायांत जोर आहे. पण आपल्याला कोणाला हरवायचं नाही.

आणि लोणार. लाखो वर्षांपूर्वी उल्का आदळून काळ्या बेसाल्ट खडकात झालेला हा जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा. २०२० साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं. खारं पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं ते झालं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. सायकली वरच ठेवायच्या. खाली अभयारण्य आहे, पायी उतरायचं. तळ्याचं पाणी खारट आणि क्षारांनी भरलेलं, पिता येत नाही. गोड पाणी वरच्या काठाशी, धारेला मिळतं. खाली कमळजा देवीच्या देवळापाशी एक विहीर दाखवतात. तिला सासू-सुनेची विहीर म्हणतात, एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारट, असं सांगतात. गोड कोण आणि खारट कोण, हे कोणी ठरवलं, त्यावर तिथं बसून गप्पा मारू. आपल्यात सासवाही आहेत आणि सुनाही.

बाकी तिथं काहीही करायचं नाही. सभा नाही, निवेदन नाही, सत्कार नाही. काठावर बसायचं. ज्या मैत्रिणीनं "कायले?" विचारलं होतं, तिनं सरावाला नाव दिलं आहे. तिला तिथं बसल्यावर उत्तर सापडलं तर तिनं सांगावं, नाही सापडलं तरी चालेल.

आता कामं वाटून घेऊ. कळंब आणि राळेगावच्या गटांनी सायकलींची यादी करायची. दारव्हा, दिग्रस आणि पुसदच्या गटांनी रस्त्यावरच्या संडासांची पाहणी पंधरा दिवसांत संपवायची. वाशिमच्या मैत्रिणींना मुक्कामाचं पत्र मी उद्या टाकते. हिमोग्लोबिनच्या तारखा आशाताई ठरवून कळवतील. पहिली सराव फेरी पुढच्या रविवारी सकाळी सहाला, यवतमाळ ते दारव्हा रस्त्यावर, जिला जिथपर्यंत जमेल तिथपर्यंत. पाण्याची बाटली आणि पंप घेऊन या. ज्यांना सायकल येत नाही त्यांनीही या, शिकवायला चौघीजणी मैदानावर थांबणार आहेत.